शिळ्या कढीला नवा नंबर

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळवणं सोपं आहे. अवघड आहे तो त्यानंतरचा लॅपटॉप. कॅप राउंडला शेकडो कॉलेजं-शाखांचा पसंतीक्रम भरून झालेला असतो, सीट फ्रीझ झालेली असते, शेजारीपाजारी पेढे पोहोचलेले असतात. आणि मग एका रात्री जेवणं उरकल्यावर मुलीचा बाप मोबाइल हातात घेऊन ‘साठ हजारांच्या आत चांगला लॅपटॉप’ असं शोधतो. तिथून पुढे तो माणूस घरच्यांना लाभत नाही.

हळूहळू त्याच्या तोंडी नवी भाषा येते. निट्स, टीडीपी, ड्युअल चॅनल. ज्याने आयुष्यात भाजीवाल्याकडे फुकटचा कढीपत्ता मागण्यापलीकडे घासाघीस केली नाही, तो वरणाची वाटी बाजूला सारून बायकोला सांगतो, ‘‘अगं, पॅनल ४५ टक्के एनटीएससी आहे. रंग फिके दिसणार.’’ ती म्हणते, ‘‘बरं. भात वाढू का?’’ मुलगी काहीच म्हणत नाही. तिला चालू होणारा लॅपटॉप हवा आहे.

या बापाच्या बापाने बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. तेव्हा कुठली घ्यावी हा प्रश्नच नव्हता, कधी मिळेल एवढाच होता. टीव्ही घेताना ‘रंगीत परवडतो का’ याच्यापलीकडे चर्चा जायची नाही. त्या टंचाईचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ती भिकार होती. पण ती गेली आणि तिच्या जागी जे आलं, त्याला आपण ‘चॉइस’ म्हणतो, तिथे माझी हरकत आहे.

कारण या भाऊगर्दीच्या आत डोकावलं तर गर्दी दिसतच नाही. दिवे लुकलुकणाऱ्या, ड्रॅगन आणि कवट्या छापलेल्या रॅमच्या पट्ट्या डझनावारी ब्रँडच्या मिळतात. त्यांच्यावरच्या मेमरी चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन या तिघांपैकीच कुणाच्या तरी असतात. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशियल’ हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण एआयची डेटा सेंटरं तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. एकमेकांच्या जाहिराती खोडून काढणाऱ्या कंपन्यांचे लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल अशा मोजक्या तैवानी कंत्राटदारांकडे तयार होतात. प्रोसेसर बहुतेक इंटेलचा, नाहीतर एएमडीचा. विंडोज सगळ्यांचं एकच. मग शेकडो मॉडेलांमध्ये निवडायचं तरी काय? झाकणावरचं नाव आणि आतला नंबर.

आणि नंबर हाच तर खरा धंदा आहे.

एएमडीचं उदाहरण घ्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये या कंपनीने लॅपटॉपच्या प्रोसेसरना नावं द्यायची नवी पद्धत जाहीर केली आणि ती समजावी म्हणून सोबत एक फिरती चकती दाखवली. गिऱ्हाइकाला चकती द्यावी लागते, यातच सगळं आलं. चकतीप्रमाणे ‘रायझन ५ ७५२०यू’ मधला पहिला ७ म्हणजे २०२३ सालचं मॉडेल. तिसरा आकडा २ म्हणजे आतल्या कोअरची रचना झेन २. झेन २ बाजारात आली २०१९ मध्ये. त्याच वर्षीच्या ‘रायझन ५ ७६४०यू’ मध्ये मात्र झेन ४. दोन्ही रायझन ५, दोन्ही सात हजारी, दोन्हींच्या लॅपटॉपवर सारखाच चकचकीत स्टिकर. पण एकाच्या पोटात चार वर्षांपूर्वीची रचना आणि दुसऱ्याच्या पोटात ताजी. शिळ्या कढीला ऊत आणायला पूर्वी निदान चूल पेटवावी लागायची. आता नुसता पहिला आकडा बदलला की भागतं.

यावर इंटेलचा न्यायनिष्ठुर आत्मा जागा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘कोअर ट्रुथ्स’ नावाचं सादरीकरण काढलं, त्यात नेमका हाच ७५२०यू पुढे केला आणि प्रतिस्पर्ध्याच्या नामकरणाची तुलना सापाचं तेल विकणाऱ्या भोंदूशी केली. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ते सादरीकरण गुपचूप उतरवलं गेलं. उतरवणंच शहाणपणाचं होतं, कारण पुढच्याच महिन्यात खुद्द इंटेलने ‘कोअर ७ १५०यू’ आणला. ‘आय’ गळालेला, नाव कोरं करकरीत, आणि आत तेराव्या पिढीतलीच ‘रॅप्टर लेक’ रचना. शेजारी ‘कोअर अल्ट्रा ७’. एका ‘अल्ट्रा’च्या फरकाने अख्खी पिढी बदलते, हे दुकानातल्या पाटीवर कुठेही लिहिलेलं नसतं. भोंदूचं दुकान शेजारी हवं, म्हणजे आपलं तेल शुद्ध वाटतं.

ग्राफिक्स कार्डवाले या दोघांच्या वरताण. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. फरक नुसता मेमरीचा असता तर कुणी काही बोललं नसतं. इथे चिपच वेगळी होती, कोअरही कमी. गेम खेळणारी पोरं इतकी खवळली की बाजारात येण्याआधीच १२ जीबीचं कार्ड मागे घ्यावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये ते ‘४०७० टीआय’ या नावाने परत आलं. बारसं रद्द करून पुन्हा बारसं. लॅपटॉपमध्ये मात्र कुणी खवळत नाही म्हणून तिथे बिनबोभाट चालतं: लॅपटॉपमधल्या ‘४०९०’ च्या आत डेस्कटॉपच्या ४०८० वाली चिप असते. लॅपटॉपच्या ‘४०६०’ ला बनवणारा ३५ वॅटही देऊ शकतो आणि ११५ वॅटही. नाव तेच, स्टिकर तोच. स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली, अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात वॅट लिहिले असतील तर नशीब.

मुंबईत ज्या रस्त्याला महापालिका डॉ. भडकमकर मार्ग म्हणते आणि बाकी सगळे लॅमिंग्टन रोड म्हणतात, तिथे एक गोष्ट बरी आहे. दुकानदार पहिला प्रश्न ‘‘बजेट बोला’’ असाच करतो आणि निम्मं जग तिथल्या तिथे बाद होतं. पण असेम्बल्ड पीसीसाठी मदरबोर्ड विचारा. बी ६५०, बी ६५०ई, बी ८४०, बी ८५०, एक्स ८७०, एक्स ८७०ई. शाळेत शिकलेल्या अंकगणितावर भरवसा ठेवून मोठा आकडा मागाल तर फसाल, कारण बी ८४० नावात बी ६५० पेक्षा मोठा आणि कर्तृत्वात लहान आहे. बी ६५० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, बी ८४० वर येत नाही. आकडे चढत जातात, माल चढतोच असं नाही.

यूएसबीबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं. तेच पुढे ‘३.१ जेन १’ झालं आणि नंतर ‘३.२ जेन १’. वेग पहिल्यापासून सेकंदाला ५ गिगाबिट. नाव बदलण्याचा वेग त्याहून बरा.

आता मॉलमधल्या झगमगत्या दुकानात चला. एसी मस्त, रांगेने लॅपटॉप, सगळ्यांच्या पडद्यावर सूर्यास्त. निळ्या टी-शर्टमधला मुलगा अदबीने पुढे येतो. हा मुलगा बऱ्याचदा दुकानाचा नसतोच, ज्या ब्रँडचा टी-शर्ट त्याच ब्रँडचा असतो. त्याला पगार तिथून आणि टार्गेटही तिथून. म्हणून तुम्ही कुठेही उभे असलात तरी तो तुम्हाला गप्पा मारत मारत एकाच टेबलाकडे नेतो.

‘‘काका, हा घ्या डोळे झाकून. एआय आहे यात.’’

‘‘म्हणजे काय करतो तो?’’

‘‘एआय करतो ना काका.’’

पोराचा दोष नाही. त्याला ट्रेनिंगमध्ये तेवढंच सांगितलंय. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपसाठी अट घातली की एआयचं काम करणारा भाग निदान ४० टॉप्स वेगाचा हवा आणि रॅम किमान १६ जीबी. ‘एआय’ असं ठळक छापलेल्या कित्येक लॅपटॉपना मायक्रोसॉफ्टची स्वतःचीच ही पट्टी गाठता येत नाही. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ छापलेलं असायचं ते आठवतं? आवाज वाड्याबाहेर जायचा नाही, पण वॅट हजार. त्या पीएमपीओचा पुनर्जन्म झालाय आणि या खेपेला तो शिकून-सवरून आलाय.

दुकानात फसवतात म्हणून घरी बसून अभ्यास करणारे असतात. रिव्ह्यू बघायचे, तक्ते करायचे, रात्री एक वाजता तिसऱ्या यूट्यूबवाल्याचं चौथ्याशी जुळतंय का ते ताडून पाहायचं. त्या व्हिडिओखाली खरेदीची लिंक असते आणि त्या लिंकवरून घेतलं की यूट्यूबवाल्याला कमिशन मिळतं, हे तो बिचारा मोकळेपणाने सांगतो तरी. खरी गंमत पुढे आहे. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ब्लू एसएन ५५०’ या एसएसडीला रिव्ह्यूवाल्यांनी चांगले गुण दिले, आणि नंतर कंपनीने आतली फ्लॅश मेमरी बदलली. नाव तेच ठेवलं. मोठ्या फाइली लिहिताना नव्या मालाचा वेग घसरतो, हे २०२१ मध्ये लोकांनी मोजून दाखवल्यावर कंपनीने कबूल केलं की यापुढे असा बदल केला तर मॉडेल क्रमांक बदलू. म्हणजे तुम्ही रात्र जागून अभ्यास केला तो एका वस्तूचा आणि कुरिअरवाल्याने आणून दिली ती दुसरीच. अभ्यास करणाऱ्यांनाच फसवायचं, ही कल्पकता मानली पाहिजे. आळशी गिऱ्हाईक निदान झोपलेलं तरी असतं.

सेलमध्ये ‘फक्त २ शिल्लक’ असं लाल अक्षरात दिसतं, शेजारी घड्याळ उलटं पळत असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. त्या यादीत पहिलाच मान ‘खोट्या घाई’चा. घड्याळ अजून पळतंय. ‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तसंच. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मज्जाव केला, त्यामुळे बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आधी किमतीत दाखवतात, म्हणून ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र क्रेडिट कार्डाच्या बिलात गपचूप येऊन बसतो. नाव नो कॉस्ट.

या सगळ्या चिखलातून कुटुंबाला पैलतीरावर नेण्याचं काम शेवटी भाच्यावर येतं. प्रत्येक घरात एक भाचा, पुतण्या किंवा ‘तो जोशांचा मुलगा’ असतो, ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. बहुधा तो टेस्टिंगमध्ये किंवा सपोर्टमध्ये असतो, त्याने आयुष्यात स्वतःसाठी एकच लॅपटॉप घेतलेला असतो आणि तोही ऑफिसने दिलेला. तरी तो प्रामाणिकपणे तीन लिंक पाठवतो. मामा तिन्ही नाकारतो. मग ‘‘मामा, थांब दोन दिवस, सेल येतोय’’. सेल येतो, किंमत तीच असते, बॅग फुकट मिळते. पुढे चार वर्षं पंखा वाजला, वायफाय गेलं, पडद्यावर मुंगी चढली तरी फोन भाच्यालाच. वॉरंटी कार्डावर त्याचं नाव छापायला हरकत नाही.

मग घ्यायचं काय? मला कुणी विचारलं तर मी उलट प्रश्न करतो: पुढे काय बदलता येणार नाही? तेवढंच बघा. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते. आज ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबी. त्यामुळे १६ च्या खाली उतरू नका आणि वाढवता येते का ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या, तोंडी नको. पडदा बदलत नाही, म्हणून तो दुकानात जाऊन डोळ्यांनी बघा. तिथला सूर्यास्ताचा व्हिडिओ बंद करून एक पांढरं पान उघडायला सांगा आणि त्यावर चार ओळी टाइप करा, म्हणजे कीबोर्डही कळेल. मग सर्व्हिस सेंटर. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना हे सुचत नाही. लातूरच्या, चंद्रपूरच्या माणसाला लॅपटॉप दुरुस्तीसाठी दुसऱ्या शहरात कुरिअर करावा लागतो आणि परीक्षेच्या तोंडावर तो कुठल्या तरी गोदामात पडून राहतो, तेव्हा प्रोसेसरची पिढी कुणाला आठवत नाही. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी त्या माणसासाठी कुठल्याही ‘अल्ट्रा’पेक्षा मोलाची आहे.

प्रोसेसर? एवढाच प्रश्न विचारा: आतली रचना कुठल्या सालची? टी-शर्टवाला गडबडला तर समजा. बाकी सी आणि पायथनचे धडे गिरवायला गेल्या तीनेक वर्षांतला कुठलाही मधल्या फळीतला प्रोसेसर पुरून उरतो. थ्रीडी डिझाइन करणाऱ्यांनी आणि रात्री गेम खेळून सकाळी ‘प्रोजेक्ट करत होतो’ म्हणणाऱ्यांनी ग्राफिक्सचे वॅट बघावेत. रंग, दिवे, एआयचा स्टिकर, झाकणावरची अॅल्युमिनियमची झाक यांच्यावर जेवढा विचार कराल तेवढा कंपनीचा फायदा आणि जेवणाचा खोळंबा.

पण सगळं ओझं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला मंजूर नाही. लॅपटॉपचा खोका कधी नीट वाचलाय? २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे त्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. आणि हो, निव्वळ प्रमाण : १ नग. सत्तर हजारांच्या खोक्यात लॅपटॉप एकच आहे, दीड नाही, याची हमी भारत सरकार तुम्हाला देतं. त्या एका नगाच्या आत २०१९ ची रचना आहे की २०२३ ची, यावर सरकारचं काही म्हणणं नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर साखर किती, सोडियम किती हे छापावं लागतं. लॅपटॉपच्या खोक्यावर ‘नेक्स्ट लेव्हल परफॉर्मन्स’ छापलं की चालतं.

अशक्य काही नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा, याचे दहापैकी गुण किमतीशेजारी दाखवावे लागू लागले. जग बुडालं नाही. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने असाच दुरुस्ती निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली. त्या विभागाकडे मागणी अगदी छोटी आहे: खोक्यावर आणखी तीन ओळी. प्रोसेसरची रचना कोणत्या वर्षाची. रॅम आणि स्टोरेज बदलता येतं की नाही. ग्राफिक्सला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात. मराठीत छापल्या तर उत्तम, इंग्रजीतही चालतील, पण ‘१ नग’ ज्या आकारात छापता त्याच आकारात छापा.

आणि वाचकहो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरातीत एक आणि खोक्यात भलतंच निघालं, तर भाच्याला नंतर करा, आधी तिथे फोन लावा.